खार, साबण आणि सामू : बडोद्याच्या संदर्भात सौम्य आम्लांच्या क्षारांचा इतिहास

१. प्रस्तावना

आम्ल आणि अल्क एकत्र आले की क्षार व पाणी तयार होते, आणि दोन्ही परस्परांचे गुण नाहीसे करतात, हे शाळेत शिकवले जाते. या क्रियेला आपण उदासिनीकरण म्हणतो. 'उदासीन' या शब्दामुळे विद्यार्थ्याच्या मनात एक समज पक्का बसतो, तो म्हणजे कोणताही क्षार पाण्यात विरघळवला तर ते द्रावण आम्लधर्मीही नसणार आणि अल्कधर्मीही नसणार. मिठाच्या बाबतीत हा समज खरा ठरतो. परंतु धुण्याच्या सोड्याचे पाणी लाल लिटमस निळा करते, बोटांना बुळबुळीत लागते आणि हळदीचा डाग लाल करते. धुण्याचा सोडा हाही क्षारच आहे. मग त्याच्या पाण्यात अल्कधर्म कोठून आला?

या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे. तो केवळ युरोपातील प्रयोगशाळांचा नाही. वैद्य, साबण करणारे, रंगारी, छपाई करणारे खत्री, पापड लाटणाऱ्या स्त्रिया या सर्वांनी सौम्य आम्लांचे क्षार शतकानुशतके हाताळले आहेत. बडोदे शहरात तर या इतिहासाचे अनेक धागे एकत्र येतात. कलाभवन, अॅलेम्बिकचा कारखाना, बडोदे संस्थानाच्या ओखामंडळ भागातील मिठापूर आणि शहराच्या उत्तरेकडील रसायन उद्योग ही त्यांची ठळक ठिकाणे होत. प्रस्तुत लेखात हे धागे जुळवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हाताला जे माहीत होते त्याचे कारण कोणाला, केव्हा आणि कोणत्या भाषेत समजले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. परिभाषेचा प्रश्न

विषयात शिरण्यापूर्वी शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे, कारण येथे शब्दच वाट चुकवतात. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत आम्ल, आम्लारी, अल्क आणि क्षार असे चार शब्द येतात. त्यांत 'क्षार' म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. हिंदीत मात्र त्याच पदार्थाला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द अल्कासाठी वापरतात. आयुर्वेदातील 'क्षार' हाही अल्कधर्मी पदार्थच आहे. व्यवहारातील 'खार' हा शब्द याच 'क्षार'वरून आलेला असून पापडखार, सज्जीखार, जवखार ही त्याची परिचित रूपे आहेत. बडोद्यासारख्या शहरात, जेथे घरात मराठी, बाजारात गुजराती, काही मोहल्ल्यांत उर्दू आणि बाहेरून आलेल्या कामगारांच्या तोंडी हिंदी आहे, तेथे हा घोटाळा केवळ पुस्तकी राहत नाही.

यात एक गंमतही आहे. ज्या पदार्थांना आपण 'खार' म्हणतो ते बहुतेक सर्व पदार्थ पाठ्यपुस्तकाच्या अर्थानेही क्षारच आहेत आणि वैद्यकाच्या अर्थानेही क्षारच आहेत. सज्जीखार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट. हा कार्बोनिक या सौम्य आम्लाचा क्षार आहे, म्हणून तो पाठ्यपुस्तकातील 'क्षार' झाला. पाण्यात तो अल्कासारखा वागतो, म्हणून तो सुश्रुताचा 'क्षार' झाला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जेथे एकमेकांना भेटतात तोच आपला विषय आहे.

'अल्क' हा शब्द 'अल्कली' या आंतरराष्ट्रीय शब्दाशी मिळताजुळता आहे. अल्कली हा शब्द अरबी 'अल्-कली' यावरून आला. खारट जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख असा त्याचा अर्थ. साबण या शब्दाचे नाते अरबी 'साबून'शी आहे. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे 'अॅलेम्बिक' हे नाव अरबी 'अल्-अंबीक'वरून आले आहे, आणि तेच नाव घेऊन बडोद्यातील सर्वांत जुन्या औषधी कारखान्यांपैकी एक उभा राहिला. रसायनविद्येचे शब्द किती प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचले याची ही साक्ष आहे.

३. सिद्धांतापूर्वीचे ज्ञान

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्याची कृती सविस्तर दिली आहे. वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, ते पाणी वारंवार गाळावे, आटवावे, आणि तीव्र क्षार हवा असल्यास त्यात भाजलेले चुनखडे व शिंपले घालावेत. तयार झालेला क्षार लोखंडी पात्रात ठेवावा आणि क्षाराचा दाह शमवण्यासाठी आंबट पदार्थ वापरावा, असेही तेथे सांगितले आहे. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे तीन प्रकार केले आहेत. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीचे महत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभी जगासमोर मांडले.

आजच्या भाषेत सांगायचे तर मृदू क्षार म्हणजे कार्बोनेट आणि तीक्ष्ण क्षार म्हणजे हायड्रॉक्साइड. चुना घातला की कार्बोनेटचा भाग न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसतो आणि द्रावणात दाहक अल्क उरतो. अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी (सुमारे ८६५ ते ९२५) यांच्या ग्रंथांतही कली आणि चुना यांपासून तीव्र अल्क करण्याची कृती आढळते. त्यांनी पदार्थांचे जे वर्गीकरण केले त्यात क्षारांचा स्वतंत्र वर्ग होता. दोन वेगळ्या परंपरांतील वैद्यांना सौम्य आणि तीव्र यांतील फरक स्पष्ट दिसला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सौम्य क्षारही अल्कासारखा का वागतो, हे सांगण्याचे साधन मात्र त्या काळात कोणाकडेच नव्हते.

रंगाऱ्यांचे ज्ञान याहूनही बारीक होते. कच्छमधील अजरखच्या छपाईचे उदाहरण घेऊ. धमडका गावातील मुस्लिम खत्री कुटुंबांनी ही कला पिढ्यान्पिढ्या जपली. कापड प्रथम एरंडेल तेल, सोडा आणि उंटाची लीद यांच्या मिश्रणात भिजवतात. येथे सोड्याचे काम दुहेरी असते. त्याच्या अल्कधर्मामुळे तेलातील मुक्त मेदाम्लांचा थोडा साबण होतो, आणि त्या साबणामुळे उरलेले तेल पाण्यात मिसळून धाग्यात समान पसरते. त्यानंतर हिरड्याचे पाणी, चुना व डिंकाची राखण-छपाई, तुरटीची छपाई आणि शेवटी मंजिष्ठ किंवा अलिझारीनमध्ये उकळणे असे टप्पे येतात. यातील प्रत्येक टप्प्यावर द्रावणाचा आम्ल-अल्क तोल महत्त्वाचा असतो. हा तोल कारागीर जिभेने, नाकाने, बोटांनी आणि रंगाच्या छटेने ओळखत असे. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढले. रंग बिघडू लागले आणि अनेक कुटुंबांना अजरखपूर हे नवे गाव वसवावे लागले. पाण्यात काय विरघळले आहे यावर एका समाजाचे स्थलांतर ठरावे, इतके हे ज्ञान जीवनाशी निगडित आहे.

घरातही हे ज्ञान होतेच. हळदीचा डाग पडलेला कपडा साबण लावताच लाल होतो आणि भरपूर पाण्याने खळबळला की पुन्हा पिवळा दिसू लागतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. रॉबर्ट बॉईल यांनी १६६४ मध्ये वनस्पतींच्या रंगांचा आम्ल व अल्क ओळखण्यासाठी उपयोग करून दाखवला. रसायनशास्त्राच्या इतिहासात ते महत्त्वाचे पाऊल मानले जाते. हळद हाही तसाच दर्शक आहे. सुमारे आठच्या वर सामू गेला की तिचा रंग बदलू लागतो. साबण हा मेदाम्ल या सौम्य आम्लाचा क्षार असल्यामुळेच हा बदल घडतो.

४. द्रावणाचा सिद्धांत

स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात आणि १८८७ मधील लेखात असे मांडले की, क्षार पाण्यात विरघळला की त्याचे धन आणि ऋण आयन सुटे होतात. जर्मनीतील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये सौम्य आम्लांच्या विचरणाचा नियम सांगितला. तीव्र आम्लाचे जवळजवळ सर्व रेणू पाण्यात फुटतात, सौम्य आम्लाचे थोडेच फुटतात, हा त्याचा आशय. १९०९ मध्ये कोपनहेगन येथील सोरेन्सन यांनी सामूची कल्पना मांडली आणि १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी स्वतंत्रपणे आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देणारा आणि आम्लारी म्हणजे तो घेणारा अशी व्याख्या केली.

या चार टप्प्यांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण केले. सौम्य आम्ल आपला हायड्रोजन आयन सहजासहजी सोडत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की, त्या आम्लाचा ऋण आयन हायड्रोजन आयनाचा लोभी असतो. सोडियम अॅसिटेट पाण्यात टाकले की सोडियम आयन स्वस्थ राहतो, परंतु अॅसिटेट आयन पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. द्रावण अल्कधर्मी होते ते या हायड्रॉक्साइडमुळे. हा हायड्रॉक्साइड क्षारात नव्हताच, तो पाण्यातून आला. या क्रियेला जलापघटन असे म्हणतात. मिठातील क्लोराइड आयन हायड्रोक्लोरिक या तीव्र आम्लाचा असल्यामुळे त्याला हा लोभ नसतो, म्हणून मिठाचे पाणी उदासीन राहते.

हा लोभ किती असतो, ते आकड्यांवरून कळते. एका लिटर पाण्यात एक दशांश मोल सोडियम अॅसिटेट असेल तर सामू सुमारे ८.९ येतो. तेथे साधारण तेरा हजार अॅसिटेट आयनांपैकी एकानेच पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतलेला असतो. तितक्याच संहतीच्या खाण्याच्या सोड्याचा सामू सुमारे ८.३ असतो. धुण्याच्या सोड्याचा मात्र ११.६ च्या आसपास जातो, कारण तेथे शंभरांपैकी चार-पाच कार्बोनेट आयन या क्रियेत भाग घेतात. आम्ल जितके सौम्य, तितका त्याचा क्षार अधिक अल्कधर्मी, असा हा नियम आहे. सामूची मोजणी दशपटीची असल्यामुळे ८.३ आणि ११.६ यांतील अंतर लहान नाही. हायड्रॉक्साइड आयनांच्या हिशेबाने ते सुमारे दोन हजार पटींचे आहे. पापडाच्या पिठात खार मोजून घालण्याची आणि दोन सोड्यांची गल्लत न करण्याची जुनी सवय यावरून किती योग्य होती ते कळते.

तापमानाचाही संबंध आहे. पाण्याच्या आयनांचा गुणाकार २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत १०० अंशांना सुमारे पन्नास पटींनी वाढतो. त्यामुळे उकळत्या पाण्यात जलापघटन जास्त होते. परीट भट्टीत कपडे सोड्याच्या पाण्यात उकळत असे आणि रंगारी रंगपात्राखाली जाळ ठेवत असे, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक कारण होय.

५. कलाभवन : हात आणि पुस्तक यांची भेट

अऱ्हेनियस यांच्या १८८७ च्या लेखानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८९० मध्ये, महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवनाची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३ ते १९२०) हे सुरतेचे होते आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. रंगकाम आणि त्याचे रसायनशास्त्र हा कलाभवनाचा महत्त्वाचा विभाग होता. कारागिरांच्या मुलांना शास्त्र शिकवायचे असेल तर ते त्यांच्या भाषेत शिकवले पाहिजे, असा गज्जर यांचा आग्रह होता आणि महाराजांचे त्याला पाठबळ होते. देशी भाषेत शास्त्रीय ग्रंथ तयार करण्याच्या योजनाही त्या काळात हाती घेण्यात आल्या.

रंगकामाच्या शिक्षणात आपला विषय किती मध्यवर्ती होता, हे रंगबंधकाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सुती धाग्यावर मंजिष्ठाचा रंग थेट बसत नाही. मध्ये अॅल्युमिनियमचा दुवा लागतो. तुरटी वापरली तर अॅल्युमिनियम मिळतो, परंतु त्याबरोबर येणारे सल्फ्यूरिक आम्ल तीव्र असल्याने ते धाग्यातच राहते आणि कापड कमजोर करते. त्याऐवजी अॅल्युमिनियम अॅसिटेट वापरले तर चित्र बदलते. हा सौम्य आम्लाचा आणि सौम्य आम्लारीचा क्षार आहे. कापड वाळवताना व वाफ देताना त्याचे जलापघटन होते, अॅसिटिक आम्ल वाफेबरोबर निघून जाते आणि अॅल्युमिनियमचा न विरघळणारा भाग धाग्यात घट्ट बसतो. त्या छापखान्यात येणारा व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे जलापघटन चालू असल्याची खूण. कारागीर तो वास ओळखत होता. वास का येतो हे त्याला समजले तर तो तुरटीत किती सोडा घालावा, वाफ किती द्यावी, नवा रंग आला तर काय बदलावे, हे स्वतः ठरवू शकतो. कलाभवनाचे ध्येय नेमके येथे होते.

कलाभवनाचे एक विद्यार्थी म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. पुढे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निर्माण करणारे दादासाहेब फाळके यांनी येथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणाच्या प्रक्रियांचाही अभ्यास केला आणि त्यांना गज्जर यांचे प्रोत्साहन लाभले. छायाचित्र उमटवण्याचे द्रावण हाही आपल्या विषयाचाच भाग आहे. हायड्रोक्विनोनसारखे पदार्थ अल्कधर्मी पाण्यातच नीट काम करतात, म्हणून त्यात सोडियम कार्बोनेट घालतात. कमी तीव्रता हवी असेल तेथे बोरॅक्स, म्हणजे सवागी, वापरतात. बोरिक आम्लाच्या या क्षाराच्या द्रावणाचा सामू सुमारे ९.२ असतो आणि तो सहजासहजी हलत नाही. शुद्ध दाहक सोडा वापरला तर चित्र घाईने उमटते आणि बिघडते. सौम्य आम्लाचा क्षार लागेल तितकाच हायड्रॉक्साइड पुरवत राहतो. संयमाने देणारा असा हा साठा आहे.

१८९२ पासून आजवा येथील सयाजी सरोवराचे पाणी बडोदे शहराला मिळू लागले. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिच्या मुळाशीही हेच रसायन आहे. तुरटीतील अॅल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून आम्लता निर्माण करतो. नैसर्गिक पाण्यातील बायकार्बोनेट, म्हणजे पुन्हा सौम्य आम्लाचाच क्षार, ती आम्लता शोषून घेतो आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके गढूळपणा घेऊन तळाशी बसतात. पाण्यात बायकार्बोनेट अपुरे असेल तर तुरटी नीट काम करत नाही, आणि मग चुना घालावा लागतो.

६. पुतळ्यावरील डाग

गज्जर यांच्या नावाशी जोडलेली एक घटना आपल्या विषयाला अनपेक्षितपणे स्पर्श करते. मुंबईतील राणी व्हिक्टोरिया यांचा संगमरवरी पुतळा बडोद्याचे महाराजा खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून उभा राहिला होता आणि त्याचे अनावरण १८७२ मध्ये झाले होते. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी या पुतळ्याला डांबर फासले. डाग काही केल्या निघेना. अखेर तो काढण्याचे काम गज्जर यांनी यशस्वी केले आणि त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

हे काम अवघड का होते? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात सौम्य आम्लाचाच क्षार. तीव्र आम्लाचा स्पर्श होताच कार्बोनेट आयन हायड्रोजन आयन घेतो, कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो आणि दगड विरघळू लागतो. धुण्याच्या सोड्याला अल्कधर्म देणारा जो लोभ, तोच लोभ संगमरवराला आम्लापुढे दुबळा करतो. म्हणून डाग काढायचा तर दगडाच्या या स्वभावाला न दुखावता काढावा लागतो. राजकीय इतिहासात ही घटना चापेकरांच्या संदर्भात येते. रसायनशास्त्राच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच नीट घेतली जाते.

गज्जर पुढे मुंबईस गेले आणि तेथे त्यांनी टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा चालवली. १९०७ मध्ये गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून अॅलेम्बिक केमिकल वर्क्सचा जन्म झाला. त्याचे पुढचे केंद्र बडोदे हेच राहिले.

७. ओखामंडळापासून रानोलीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय बाजारात सज्जीखाराची जागा विलायती सोड्याने घेतली. फ्रान्समध्ये लब्लां यांनी १७९१ मध्ये आणि बेल्जियममध्ये सॉल्वे यांनी १८६० च्या दशकात मिठापासून सोडा करण्याच्या पद्धती शोधल्या होत्या. सॉल्वे पद्धतीचा सोडा इतका शुद्ध आणि स्वस्त होता की राखेचा खार त्याच्यापुढे टिकला नाही. साबण, काच, कागद, कापड या सर्व उद्योगांना सोडा लागतो. म्हणजे मीठ आपल्या किनाऱ्यावर आणि सोडा परदेशातून, अशी अवस्था निर्माण झाली.

हे अवलंबित्व तोडण्याचा प्रयत्न काठियावाडच्या किनाऱ्यावर झाला. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचा दूरचा पश्चिमेकडील भाग. कपिलराम वकील यांनी सयाजीरावांच्या पाठिंब्याने तेथे मिठाचा उद्योग उभारला. पुढे त्याच पायावर टाटा समूहाने १९३९ च्या जानेवारीत टाटा केमिकल्सची स्थापना केली आणि कारखान्याच्या वसाहतीला मिठापूर हे नाव पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, सयाजीरावांचे निधन झाले. सॉल्वे पद्धतीचे रहस्य परदेशी कंपन्या सांगत नसल्यामुळे ते तंत्र आत्मसात करण्यास भारतीय अभियंत्यांना दीर्घ काळ झगडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर कलाभवनाचे रूपांतर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले. १९६१ मध्ये अॅलेम्बिकच्या बडोद्यातील पेनिसिलीन कारखान्याचे उद्घाटन लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. पेनिसिलीन हेही एक आम्लच आहे आणि आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी पाण्यात ते लवकर नष्ट होते. म्हणून ते सोडियम किंवा पोटॅशियमच्या कोरड्या क्षाराच्या रूपात ठेवतात आणि अनेकदा त्यात सायट्रेटची जोड देतात. सायट्रिक आम्लाचा हा क्षार द्रावणाचा सामू मध्यावर धरून ठेवतो. सुईने टोचण्याच्या औषधातही सौम्य आम्लाचा क्षार असा राखणदार असतो.

सरबते व लोणची टिकवण्यासाठी वापरले जाणारे सोडियम बेन्झोएट हे याच कुळातील. त्याची गोष्ट थोडी उलटी आहे. नुसत्या पाण्यात ते बेन्झोएट आयनाच्या रूपात असते आणि त्या रूपात बुरशीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. लिंबू किंवा व्हिनेगरची आंबटता मिळाली की आयनाचे पुन्हा आम्ल होते आणि तेच बुरशीच्या पेशीत शिरते. यामुळे आंबट पदार्थांतच ते उपयोगी पडते.

१९७३ मध्ये गुजरात अल्कलीज अँड केमिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि बडोद्याजवळ रानोली येथे तिचा दाहक सोड्याचा कारखाना उभा राहिला. कंपनीच्या नावात 'कली' हा जुना अरबी शब्द आजही आहे.

८. ज्ञान आणि जीव

रानोलीच्या कंपनीच्या उत्पादनांत सोडियम सायनाइडचाही समावेश राहिला आहे. धातूंवर मुलामा देण्यासाठी आणि औषधनिर्मितीत त्याचा उपयोग होतो. हायड्रोसायनिक आम्ल अत्यंत सौम्य आहे, अॅसिटिक आम्लाहूनही कितीतरी पटींनी सौम्य. त्यामुळे आपल्या नियमानुसार त्याचा क्षार जोरकस अल्कधर्मी असतो. एक दशांश मोल संहतीला सामू सुमारे ११.१ येतो. येथे 'सौम्य' हा शब्द घातक ठरू शकतो. आम्ल सौम्य आहे याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा नाही. सायनाइड आयनाने पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतला की जे तयार होते तो प्राणघातक विषारी वायू आहे. द्रावण ११ सामूवर असताना त्यातील थोडाच भाग या रूपात असतो. सामू ७ वर आला तर जवळजवळ सर्वच, म्हणजे शंभरातील नव्याण्णव भाग, या रूपात जातो. म्हणूनच सायनाइडच्या द्रावणात दाहक सोडा घालून सामू वर ठेवतात आणि त्याच्या जवळ आम्ल येऊ देत नाहीत. सोडियम सल्फाइडचेही असेच आहे. त्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो.

बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वाहून नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून महीच्या खाडीपर्यंत जातो. अनेक कारखान्यांचे पाणी एका मार्गात येते, तेव्हा प्रत्येकाचा सामू हा इतर सर्वांचाही प्रश्न होतो. देशातील सर्वसाधारण मानकांत सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा आणि नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यात सायनाइड लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. या दोन अटी कागदावर वेगवेगळ्या ओळींत असल्या तरी रसायनशास्त्राने त्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत. सायनाइड आधी अल्कधर्मी स्थितीत नष्ट केल्यानंतरच सामू खाली आणता येतो. क्रम उलटला तर काम करणाऱ्याच्या श्वासावर बेतते.

हा क्रम ज्याच्या हातात असतो तो बहुधा शास्त्राचा पदवीधर नसतो. टाकीचा पडदा उघडणारा, पोती ओतणारा, गटार साफ करणारा माणूस हिंदी, गुजराती, मराठी किंवा उर्दू बोलणारा असतो. 'आम्ल जवळ आणू नये' एवढी सूचना त्याच्यापर्यंत पोहोचते, पण तिचे कारण पोहोचत नाही. कारण माहीत नसले की सूचना विसरली जाते, अथवा ज्या प्रसंगाचा उल्लेख सूचनेत नाही त्या प्रसंगी तिचा उपयोग होत नाही. आम्ल लिहिलेल्या पिंपाजवळ जाऊ नये हे त्याला ठाऊक असते. परंतु तुरटीचे पाणीही आम्लधर्मीच असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, सौम्य आम्लांच्या क्षारांचे वर्तन हे सुश्रुताच्या काळापासून परिचित होते. अल्-राझी यांच्यासारखे रसायनविद, अजरखचे कारागीर आणि सामान्य गृहिणी यांनी ते आपापल्या परीने वापरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला कारण मिळाले. म्हणून हा विषय शिकवताना कारागिरांचे ज्ञान आरंभी ठेवणे इतिहासाला धरून होईल.

दुसरा, बडोद्यातील कलाभवनाने हात आणि कारण यांची सांगड देशी भाषेतून घालण्याचा प्रयत्न केला, तो नव्या द्रावण-सिद्धांताच्या अगदी समकालीन होता. पुढे संस्था विद्यापीठाचा भाग झाली, तिचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीत गेले आणि पदवीधर अभियंते निर्माण झाले. त्याचा लाभ देशाला झाला यात शंका नाही. तथापि रंगाऱ्याच्या मुलाला त्याच्या भाषेत शास्त्र सांगण्याचा मूळ हेतू मागे पडला.

तिसरा, परिभाषेची एकवाक्यता ही सुरक्षेचीही बाब आहे. 'क्षार' आणि 'सौम्य' या शब्दांनी होणारा गैरसमज दूर करण्यासाठी शिक्षकांनी दोन्ही अर्थ वर्गात उघडपणे मांडावेत. हिंदी, गुजराती व उर्दूतील प्रतिशब्द शेजारी ठेवावेत. बडोदे संस्थानाने राज्यकारभारासाठी 'श्रीसयाजी शासन कल्पतरु' हा बहुभाषिक शब्दकोश १९३१ मध्ये सिद्ध केला होता. रसायनांच्या कामगारांसाठी तशाच धर्तीचा छोटा कोश करणे अशक्य नाही.

चौथा, हा विषय प्रयोगाने शिकवण्यास कोणतीही महागडी सामग्री लागत नाही. हळदीने रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या, मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, साबण, तुरटी आणि लिंबू एवढे पुरेसे आहे. सहा पेल्यांत सहा द्रावणे ठेवून विद्यार्थ्यांनी आधी अंदाज सांगावा आणि मग पट्टी बुडवून पाहावी. मीठ आणि धुण्याचा सोडा दोन्ही क्षार असून पट्टीचा रंग वेगळा येतो, हे पाहिल्यावर 'का' हा प्रश्न विद्यार्थ्याच्याच तोंडून येतो. आपल्या संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी रंगाई, छपाई, साबण, चामडे किंवा रसायनांच्या कारखान्यातील काम आहे. त्या मुलांनी या प्रश्नाचे उत्तर घरी नेऊन सांगितले, तर ते ज्याला सर्वांत जास्त हवे आहे त्याच्यापर्यंत पोहोचेल.